आबांनी केलेलं बाळंतपण

माझं बाळंतपण माझ्या वडिलांनी केलं. हे मी गावाकडच्या माणसांना सांगितलं की ते हसतात. कारखान्यातल्या बायकांना सांगितलं की त्या डोळे मोठे करून एकमेकींकडे बघतात. नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी ‘सो स्वीट’ म्हणतात. तिन्हींचा मला सारखाच राग येतो. त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि गोड तर त्याहून नाही. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या हातानं कधी चहा केला नव्हता, त्या निवृत्त एसटी ड्रायव्हरनं साठी उलटल्यावर बाळाला न्हाऊ घालायला शिकून घेतलं. ते काम होतं, आणि त्यांनी ते कामासारखंच केलं.

मी मूळची कराडची. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांच्या दारांची कुलपं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. नवरा आयटीत. आम्ही तांबरमला राहतो, कारण माझी कंपनीची बस तिथून जाते आणि त्याला स्टेशन जवळ पडतं. दोघांची ये-जा सोयीची व्हावी म्हणून घर घेतलं. घरात तिसरं माणूस आलं तर ते कोण सांभाळणार, हा विचार घर घेताना कुणाच्याच डोक्यात नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण आई माझ्या लग्नाआधीच गेली. आई नसलेलं माहेर म्हणजे दोन खोल्या आणि आबा. धाकटा भाऊ आणि त्याची बायको पुण्यात नोकरीला. सासूबाई आल्या असत्या, पण त्यांच्या स्वतःच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सोडून हलता येईना. त्यांनी फोनवर दोन उपाय सुचवले. एक, नोकरी सोड. दुसरा, बाळ गावाला पाठवून दे, शाळेच्या वयाचं झालं की घेऊन जा. एका खोलीत आजारी म्हातारी आणि दुसऱ्या खोलीत तान्हं मूल, असं दोन्ही ओढायला त्या तयार होत्या. त्यांच्या बोलण्यात माया होती, त्यामुळे मला धड भांडताही येईना, आणि म्हणून जास्तच चिडचिड झाली.

त्याच सुमाराला आमच्या प्लांट मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं की नवी असेंब्ली लाईन टाकतोय आणि ती माझ्या ताब्यात द्यायचा विचार आहे. आमच्या कारखान्यात तोवर एकाही बाईकडे अख्खी लाईन नव्हती. कुलपं जुळवायला पन्नास मुली बसतात, पण त्यांच्यावर देखरेख करणारा प्रत्येक जण मिशीवाला. ‘तुमची रजा संपते त्याच सोमवारी लाईन सुरू होईल,’ ते म्हणाले. ‘तेव्हा आलात तर तुमची. उशीर झाला तर मला दुसऱ्याला द्यावी लागेल.’ माणूस वाईट नाही, सरळ बोलला. मीही सरळ सांगितलं की मी येणार. कशी येणार ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आबांना फोन केला. आबांशी आमचे फोन म्हणजे जेवलात का, पाऊस आहे का, गॅस आला का, एवढेच. त्या दिवशी मी सगळं ओकले आणि रडलेही. मग ते म्हणाले, ‘मी येऊ का?’

‘तुम्ही येऊन काय करणार, आबा?’

‘काय करायचं असतंय?’

या प्रश्नाचं उत्तर मलाही धड माहीत नव्हतं. बाळंतपण ही बायकांनी एकमेकींना हातोहात द्यायची गोष्ट, आणि माझ्यापर्यंत ती पोचायच्या आधीच आई गेली होती. मी म्हटलं, ‘या तर खरं. बघू.’

खरं सांगायचं तर ते येतील असं मला वाटलं नव्हतं. त्याला कारण होतं. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न-पाणी घेत नाही. हल्ली कोण पाळतं म्हणा, पण आबा पाळायचे. लग्नानंतर पहिल्यांदा ते चेन्नईला आले तेव्हा कराडहून पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. त्या संपल्यावर स्टेशनजवळच्या टपरीवरून विकत आणल्या. जेवायला कोपऱ्यावरच्या मेसमध्ये जायचे आणि सांबारभात खाऊन परत यायचे. माझ्या स्वयंपाकघरात भाजी शिजतेय आणि माझा बाप पायऱ्या उतरून बाहेर जेवायला निघालाय, हे बघून माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हटलं, ‘मी कमावते, मी घराचा हप्ता भरते, हे घर काय फक्त जावयाचं आहे का?’ ते म्हणाले, ‘तुझंच हाय गं.’ आणि चपला घालून मेसला गेले. दोन दिवसांत परतले. मी स्टेशनवर पोचवायलाही गेले नाही.

आता मात्र ते माझे दिवस भरायच्या आधी आठवडाभर येऊन दाखल झाले. बरोबर एक पेटी, त्यात ओवा, बाळंतशेपा, डिंक, खारीक आणि आईच्या जुन्या नऊवारीच्या फाडून केलेल्या घड्या. ‘बाळाला दुपट्याला लागतील,’ म्हणाले. तरी आठवडाभर जेवायला मेसमध्येच.

मुलगी झाली. दवाखान्याच्या खोलीत नवऱ्यानं तिला आबांना दाखवली. त्यांनी लांबूनच हात जोडले. मग टेबलावरच्या स्टीलच्या बाटलीकडे बोट दाखवून जावयाला विचारलं, ‘हे पाणी घरचं का?’ नवरा म्हणाला, ‘हो, घरूनच भरून आणलंय.’ आबांनी बाटली उचलली, तोंडाला न लावता वरूनच धार धरली आणि सगळी रिकामी केली. शर्टाची छाती भिजली. मी टाके पडलेल्या पोटानं हसू आवरत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दिवसापासून मेस बंद झाली.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. डिंकाचे लाडू त्यांनी गावातल्या कुणाला तरी फोन लावून, स्पीकरवर विचारत विचारत केले. तूप कमी पडेल म्हणून की काय, डिंक अर्धवटच फुलवला. लाडू खाल्ल्यावर माझे दात एकमेकांना असे चिकटले की मला दहा मिनिटं कुणालाच काही बोलता आलं नाही. नवरा म्हणाला, असे रोज करत चला. ओवा-शेपांची धुरी त्यांनी बाळाच्या खाटेखाली ठेवायला काढली, तर बाळाच्या डॉक्टरनी सक्त मनाई केली. मग ती धुरी माझ्या ओल्या केसांच्या वाट्याला आली. मे महिन्याचा तांबरमचा उकाडा, त्यात शेगडी, त्यात कानाला बांधलेला रुमाल. मी तणतणायचे. आबा ऐकून घ्यायचे आणि रुमाल पुन्हा घट्ट बांधायचे.

सगळ्यात अवघड होतं ते बाळाला न्हाऊ घालणं. नवऱ्याची मोजकी रजा भुर्रकन संपली. तो सकाळचा स्वयंपाक करून आणि कपड्यांचं मशीन लावून निघायचा. मला अजून वाकता येत नव्हतं. समोरच्या फ्लॅटमध्ये तंजावरकडच्या मराठी काकू राहतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तमिळ मुलखात आहे. त्यांची मराठी ऐकताना आबांना आधी वाटायचं, या पोथी वाचतायत. त्या पहिले काही दिवस आंघोळ घालायला आल्या, पण गुडघे दुखायला लागल्यावर त्यांना खाली बसवेना. बाई शोधूया म्हणाल्या. तेव्हा आबा बोलले, ‘मला शिकवता का?’

काकूंनी तोंडावर पदर धरला. ‘अय्यो! पुरुषमाणसानं? नको हो. लोक काय म्हणतील?’

‘लोकं आंघोळ घालायला येणार हायती का?’

काकू हसल्या. मग न्हाणीघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि आबा आत पाटावर, पाय लांब करून, लुंगी गुडघ्यापर्यंत ओढून. मी दाराआडून बघत होते. एसटीचं एवढं मोठं चाक फिरवलेले हात, पण बाळाच्या पाठीखाली कसे घालायचे ते त्यांना कळेना.

‘भिऊं नका,’ काकू खुर्चीवरून सांगत होत्या. ‘पाय जुळवून घ्या. मान हातांत. हां, अस्संच. पाणी कानांत जाऊं नये. पोदुम, पोदुम, इतकं तेल कशास? पापास तळायचं अहे का?’ पोदुम म्हणजे पुरे आणि पापा म्हणजे बाळ, हे आबा तेव्हाच शिकले.

बाळ टाहो फोडत होतं आणि आबांना बाळापेक्षा जास्त घाम फुटला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिनं रडणं मध्येच थांबवून त्यांच्याकडे बघितलं, आणि आबा तिच्याशी बोलायला लागले. काय बोलत होते? कराडहून निघाल्यावर वाटेत कुठले थांबे लागतात, कुठं चहा चांगला मिळतो, कुठं रस्ता खराब. ती ऐकत राहिली. महिन्याभरानंतर काकू नुसत्या गप्पा मारायला यायला लागल्या.

घरोघरच्या गॅलऱ्यांतून लोकांनी बघितलं. सकाळी दोरीवर लंगोट वाळत घालणारा पांढऱ्या मिशांचा माणूस आमच्या कॉलनीत दुसरा नव्हता. लिफ्टमध्ये एकदा एका बाईनं मला विचारलं, तुझ्या आईला काय झालं? मी सांगितलं. मग सासू? तेही सांगितलं. मग ती म्हणाली, ‘बिचारे तुझे वडील.’ मी म्हटलं, ‘बिचारे कशाने? आईनं हेच केलं असतं तर तुम्ही तिला बिचारी म्हणाला असता का?’ लिफ्टचं दार उघडलं म्हणून बरं झालं.

सासूबाईंना सुरुवातीला फार लाज वाटली. त्यांच्या मते व्याह्यांना हे करावं लागतंय म्हणजे आपल्यालाच कमीपणा येत होता. व्हिडिओ कॉलवर आबा दिसले की त्या डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायच्या. हळूहळू त्या आबांनाच विचारायला लागल्या, शी कशी होते, हिरड्या शिवशिवतात का. एके दिवशी मी आतून ऐकलं, दोघं गुटी उगाळण्यावरून वाद घालत होते. बाळ गावाला पाठव, हे त्यांनी त्यानंतर पुन्हा काढलं नाही.

रजा संपत आली. बाळाला सहावा संपत आला तसं उष्टावण ठरवलं. आमच्याकडे बाळाचा पहिला घास मामा भरवतो. भाऊ शुक्रवारी पुण्याहून आला, रविवारी उष्टावण, आणि सोमवारी माझी लाईन. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. कंपनीचा निळा शर्ट मी इस्त्री करून खुंटीला अडकवला होता आणि येता-जाता त्याच्याकडे बघत होते.

रविवारी भावानं भाचीला मांडीवर घेतलं, म्हणजे मी आणून ठेवली. काचेचं भांडं असावं तसा तो हात न हलवता बसला होता. चांदीच्या वाटीतली खीर तिच्या ओठांना लावली. तिनं तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितली. काकूंनी ओवाळलं. सगळे जेवले. काकू घरी गेल्या, नवरा भांडी घासायला लागला, बाळ आतल्या खोलीत झोपलं. तेव्हा भाऊ म्हणाला, ‘आबा, उद्याची दोन तिकिटं काढलीत. आवरून ठेवा.’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझा आवाज इतका चढला की नवरा हातात तवा घेऊन बाहेर आला. ‘उद्या? उद्या माझी लाईन सुरू होतेय हे माहीत असून तू उद्याचीच तिकिटं काढलीस?’

‘ताई, सहा महिने झाले. गावात मला तोंड दाखवायला जागा नाही. मुलगा जिवंत असताना बाप लेकीच्या दारात पडलाय म्हणतात. आणि काय करतात तिथं, तर लंगोट धुतात.’

‘मग तू येऊन धुवायचे होतेस! लेकीचं दार म्हणजे काय रस्ता आहे? तुझ्या घरी ते राहिले तर मान, माझ्या घरी राहिले तर पडलेत? कुणी सांगितलं तुला हे?’

‘सगळे सांगतात.’

‘त्या सगळ्यांना माझ्याकडे पाठव.’

मी आणखी खूप बोलले. सगळं लिहीत नाही, पण त्यातलं काही परत घ्यायची माझी इच्छा नाही. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. मग एकदम म्हणाला, ‘तिला तिसरा महिना आहे.’

तिला म्हणजे त्याच्या बायकोला.

‘तिच्या आईचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय, त्या काही करू शकणार नाहीत. तिची बँकेची नोकरी. डॉक्टरनी जपायला सांगितलंय. मी कुणाकडे जाऊ? गावाचं मी तुला उगाच सांगितलं. मला आबा पाहिजेत. मी पण त्यांचाच मुलगा आहे ना, ताई?’

लोकांच्या बोलण्याशी भांडायला माझ्याकडे हवे तेवढे शब्द होते. याच्याशी भांडायला एकही नव्हता. पण उद्याची बस, खुंटीवरचा शर्ट, तेही माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. भाऊ आणि मी एकाच म्हाताऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरून उभे होतो, आणि सोडायला मी तयार नव्हते. तो रडवेला झाला होता, तरीही तयार नव्हते.

‘झालं का दोघांचं?’ आबा म्हणाले. ते खाली सतरंजीवर बसले होते. भावाला त्यांनी समोर बसायला सांगितलं.

‘तू झालास तवा मी मुंबईच्या गाडीवर हुतो. चौथ्या दिवशी घरी आलो. तू पाळण्यात. माझं वडील ओसरीवर बसल्यालं. आपल्यात वडलांच्या समोर आपलं पोर उचलायचं न्हाई, अशी रीत हुती. मी हातपाय धुतलं, पाळण्याकडं बघितलं आन् जेवायला बसलो. तू रडत हुतास. तुझी आई कामात. पाळणा माझ्यापासनं हातभर लांब. मी जेवत ऱ्हायलो.’

आबांनी सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली.

‘ताईच्या वेळंला बी तसंच. रोज वाटायचं, आज म्हातारा शेतावर जाईल, मग उचलू. वडील गेलं तवा तू दुसरीत हुतास. उचलायचं वय निघून गेल्यालं.’

नवरा तवा घेऊन दारातच उभा होता. माझ्या लहानपणी आबांनी मला कडेवर घेतल्याचं मला काही आठवत नाही, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नव्हतं. सगळ्यांचेच बाप तसे होते. आता मात्र असा राग आला की कुणावर काढावा ते कळेना. आजोबांवर काढावा तर तेही त्यांच्या वडिलांसमोर असेच जेवत राहिले असणार.

‘आता ऐक,’ आबा म्हणाले. ‘नात वर्साची हुईस्तवर मी हितनं हलत न्हाई. मग ताईच्या कंपनीचं पाळणाघर तिला घेतंय. तवर तुझी येळ येईल, मी तुझ्याकडं येतो. पण मी एकटा करणार न्हाई. तू रजा टाकायची. बिनपगारी मिळाली तरी टाकायची. न्हाऊ घालायचं मी शिकवीन, पर घालायचं तूच.’

‘मला नाही जमणार, आबा.’

‘मला तरी कुठं जमत हुतं.’

भावानं फोन काढला आणि एक तिकीट रद्द केलं. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसले आणि ती लाईन आजही माझ्याकडे आहे. पण त्या दुपारचं अजून थोडं राहिलंय.

आतल्या खोलीत बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. सवयीनं मी उठायला गेले. आबांनी मला हातानं थांबवलं आणि भावाला म्हणाले, ‘जा.’ तो आत गेला आणि खाटेपाशी जाऊन उभाच राहिला. आबा सतरंजीवरून उठले, खोलीच्या दारात गेले आणि तिथंच थांबले.

‘उचल,’ ते म्हणाले. ‘मी हितं उभा हाय, तरी उचल.’

भावानं एकदा वळून आबांकडे बघितलं. मग वाकून तिला उचललं.